यू रुबीचे चार दात

आमच्या डोंगराळ भागात पडद्यावरच्या चामडी बाहुल्यांचा खेळ ठरला की लोक आधी विचारायचे, सूत्रधार कोण. त्याच्या पाठोपाठ विचारायचे, रुबिनेम गाणार ना. रुबिनेम माझी सख्खी थोरली बहीण. मोठ्या बहिणीला आम्ही ‘यू’ म्हणतो, म्हणून माझ्यासाठी ती यू रुबी. गामेलान या वाद्यवृंदात पाय दुमडून बसायचे आणि सूत्रधार खूण करील तेव्हा गायचे, हे सिंडेनचे काम ती लग्नाआधीपासून करत आली. तिचा नवरा कांग तुकिर त्याच मंडळीत ढोलकी वाजवतो. घरात दोघांचे एकमेकांशी फारसे जमते असे नाही, पण वाजवताना आणि गाताना कधी चुकले नाही.

तिचे वरचे, पुढचे चार दात एका दिवसात गेले नाहीत. आधी हिरड्या सुटल्या, मग दात हलायला लागले, मग एकेक करून पडले. शेवटचा तर उकडलेल्या कसाव्याच्या कंदात अडकून राहिला. बाजारात दात बसवून देणारा एक जण असतो, त्याच्याकडून तिने कवळी करून घेतली. जेवायला आणि चारचौघांत हसायला ती कवळी पुरत होती. गायला पुरली नाही.

आमच्याकडे सूत्रधार शेजारच्या लाकडी पेटीवर ठोका देतो. त्या ठोक्यावर वाद्ये सुरू होतात, लय पालटतात आणि थांबतात. शब्दाने काही सांगायचे नसते. मागच्या वर्षी सुगी संपल्यावर शेजारच्या गावी लग्नात खेळ होता. पडद्यावर राजपुत्राचा मृत्यू झाला होता आणि यू रुबी एक उंच स्वर लांबवत होती. जीभ वर गेली, कवळी टाळूपासून सुटली आणि परत बसताना ‘टक’ असा आवाज झाला. माईक तिच्या ओठांपाशीच होता. कांग तुकिरला वाटले ठोका पडला. त्याने लय पालटली, त्याच्यामागून सगळी वाद्ये पालटली, आणि राजपुत्राच्या प्रेतापुढे युद्धाचे वादन सुरू झाले.

सूत्रधार पाक हार्सोंनी बाहुली तशीच धरून मागे पाहिले. “लढाई कोणी सुरू केली?”

“तुम्हीच ठोकलंत ना,” कांग तुकिर म्हणाला.

“मी नाही ठोकलं. तुझ्या बायकोनं ठोकलं.”

मांडव हसला. यू रुबीही हसली, ओठ मिटून. पण पुढच्या दोन खेळांत तेच झाले, तेव्हा कोणी हसले नाही. पाक हार्सो एका सकाळी घरी आले, चहा घेतला, पावसापाण्याचे बोलले आणि उठता उठता म्हणाले, “रुबी, एका खेळात दोन सूत्रधार मला झेपत नाहीत. पुढच्या रसुलानपर्यंत तुझी जागा ठेवतो. तोवर तोंडाचं काहीतरी कर. नाहीतर वात्सीला बसवावं लागेल.”

रसुलान हा सुगीनंतरचा गावाचा उत्सव. त्या दिवशीच्या खेळात जी बसते ती वर्षभर बसते. वात्सी ही यू रुबीचीच शिष्या, चांगली गाते, आणि तिचे सगळे दात शाबूत आहेत.

मी सहकारी पतसंस्थेत हिशेब पाहतो, कामानिमित्त शहरात जाणेयेणे असते, म्हणून दवाखाना शोधणे माझ्याकडे आले. डॉक्टर प्रास्ती यू रुबीला मुलगी शोभावी एवढ्या वयाच्या होत्या, म्हणून तिला ‘बू’ आणि बरोबर आलेल्या कांग तुकिरला ‘पाक’, म्हणजे आई आणि बाबा, म्हणत. त्यांनी तोंड तपासले आणि सावकाश समजावून सांगितले.

“कवळी हिरडीवर नुसती बसते, म्हणून हलते. आजूबाजूच्या दातांना धरून पूल बांधता येतो, पण तुमचे बाजूचे दात आधीच कमजोर आहेत, त्यांच्यावर आणखी चौघांचं ओझं नको. तिसरा उपाय म्हणजे मूळच नवीन करायचं. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे दोन बारीक स्क्रू बसवायचे. हाडानं त्यांना धरलं, की त्यांच्यावर चारी दात चढवायचे. ते काढायचे-घालायचे नाहीत, हलायचे नाहीत.”

कांग तुकिरने मान हलवली. “आमच्या घराचे खांब दगडावर टेकवलेले असतात, डॉक्टर. पुरलेला खांब कुजतो.”

“लाकडाचा कुजतो, पाक. हा नाही कुजत. आणि इथली जमीन जिवंत आहे. हाड वाढतं आणि स्क्रूला जाऊन चिकटतं. फक्त त्याला वेळ द्यायचा. घाईनं दात चढवले तर स्क्रू सैल होतो.”

“किती वेळ?” यू रुबीने विचारले.

“वरच्या जबड्याचं हाड मऊ असतं. शिवाय तुमचे दात जाऊन बरेच दिवस झालेत, तिथलं हाड थोडं झिजलंय. सहा महिने धरा.”

सहा महिने म्हणजे रसुलानच्या आत. यू रुबीने माझ्याकडे पाहिले आणि पहिल्यांदा जरा सैल बसली.

“सिगारेट ओढता का?” डॉक्टरांनी विचारले.

“मी सिंडेन आहे, डॉक्टर.” तिला प्रश्नाचा रागच आला.

“पान?”

“खात होते. सोडलं.”

दोन्ही उत्तरे खरी होती. रक्तातली साखरही ठीक निघाली. मग एक्स-रे झाला आणि पडद्यावर आला. जबड्याच्या करड्या चित्रात चार बारीक, पांढऱ्याशुभ्र रेघा होत्या. दोन हनुवटीपाशी, दोन गालांत.

“हे सुसुक ना?” डॉक्टरांनी सहज विचारले. “आमच्याकडे पुष्कळदा दिसतं. काळजी करू नका, दाताच्या कामात त्याची अडचण नाही.”

सुसुक म्हणजे सोन्याच्या सुया. रूप खुलावे, आवाजाने माणूस खिळावा म्हणून मांत्रिक कातडीखाली घालतो. प्रत्येक सिंडेनबद्दल लोक कुजबुजतात की हिच्या अंगात आहे. परतीच्या मिनीबसमध्ये कांग तुकिर खिडकीकडे तोंड करून बसला. डोंगर चढायला लागल्यावर बोलला.

“कोणी घातल्या?”

“आईनं. पहिल्या खेळाच्या आधी. मला कोणी विचारलं नव्हतं.”

“आणि मला सांगावंसं कधी वाटलं नाही.”

“सांगून तुम्ही काय करणार होता? चिमट्यानं काढणार होता?”

“गावोगाव भांडलोय मी. माझ्या बायकोचा गळा तिचा स्वतःचा आहे म्हणून.”

“मग कोणाचाय? सुया गातात होय?”

पुढचे दोन आठवडे कांग तुकिरने घरात ढोलकीला हात लावला नाही, ताटात पडेल ते खाल्ले आणि जे सांगायचे ते मला सांगितले, म्हणजे मी तिला सांगावे.

तरी घरची गाय विकायला तोच बाजारात गेला. स्क्रू बसवले त्या दिवशीही तो बरोबर होता. भूल दिलेली, ओठ सुजलेला, पुढे दात नाहीत, तोंडात कापूस, अशा अवस्थेत यू रुबी खुर्चीवर बसली होती. डॉक्टर सूचना देत होत्या. कडक खायचे नाही, मिठाच्या पाण्याने चुळा भरायच्या, जागा स्वच्छ ठेवायची. सूचना संपल्यावर यू रुबीने हात वर केला आणि काहीतरी विचारले. मला ऐकू आले ते एवढेच: “शुशु… हाऊ दे ना?”

“राहू दे, राहू दे,” डॉक्टर हसून म्हणाल्या. “त्यानं दाताला काही होत नाही.”

मी समजलो, सुयांचे विचारते आहे. डॉक्टरही तेच समजल्या.

त्यानंतर यू रुबी जशी वागली तसे मी तिला उभ्या आयुष्यात वागताना पाहिले नव्हते. शेंगदाण्याची कुरकुरीत पापडी तिने घरातून हद्दपार केली. भात मऊ शिजवून खाल्ला. मिठाच्या चुळा एकही चुकल्या नाहीत. आणि जागा स्वच्छ राहावी म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ अंगणात बसून तंबाखू चोळायची, लिंबाएवढी गोळी करायची, ती दातांवरून, हिरडीवरून फिरवायची आणि मग वरच्या ओठाखाली डावीकडे सारून तासन्‌तास बसायची. आमच्या जुन्या बायका सगळ्याच असे करतात. त्याने तोंड साफ राहते, अशी त्यांची पक्की समजूत. शहरात जायचे असले की ती गोळी काढून रुमालात बांधायची, दवाखान्याच्या नळावर तोंड खळखळून धुवायची आणि मगच आत जायची. डॉक्टरसमोर तोंडात काही ठेवून बसणे तिच्या रीतीत बसत नव्हते.

चौथ्या महिन्यात डाव्या बाजूला ठणका लागला. पाचव्यात डॉक्टरांनी तपासायला बोलावले. त्यांनी उपकरणाच्या दांड्याने उजव्या स्क्रूवर हलके टिचकी मारली, मग डाव्यावर. पुन्हा उजव्यावर, पुन्हा डाव्यावर.

“डावा फुटकाय,” यू रुबी म्हणाली.

“मी अजून काही बोलले नाही, बू रुबी.”

“मला ऐकू येतंय ना. उजवा वाजतो. डावा नुसता बद्द बोलतो.”

डॉक्टरांनी हातमोजे काढले. डाव्या स्क्रूला हाडाने धरले नव्हते. तो काढावा लागणार होता. जागा भरून यायला काही महिने, मग नवा स्क्रू, मग पुन्हा तेवढीच वाट. एका स्क्रूवर चार दात चढवता येत नव्हते. कारण शोधायला साखर पुन्हा तपासली, ती ठीकच होती.

“कधी कधी कारण सापडत नाही,” त्या म्हणाल्या, आणि स्क्रू काढायची तारीख दिली.

कांग तुकिरपाशी मात्र कारण तयार होते. “सोनं आत आहे, म्हणून दुसऱ्या धातूला ते आत येऊ देत नाही. एका घरात दोन धनी कसे राहतील?”

“उजवा राहिला की,” मी म्हणालो.

“उजवा भिडस्त असेल.”

त्याने हट्टच धरला. ज्याने सुया घातल्या तो मांत्रिक कधीच वारला होता, म्हणून पलीकडच्या खोऱ्यातल्या म्बा सोका नावाच्या म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने यू रुबीच्या गालांवर केळीचे पान फिरवले, पुटपुटला, फुंकला आणि बशीत टुणकन एक सुई टाकली. मग दुसरी. मग आणखी दोन. कांग तुकिरच्या चेहऱ्यावर किती महिन्यांनी रक्त आले. त्याने त्या सुया कापसात गुंडाळून खिशात ठेवल्या आणि उतरताना बायकोचा हात धरला, जे त्याने आमच्यासमोर आधी कधी केले नव्हते.

स्क्रू काढायच्या दिवशी डॉक्टरांनी आधी नवा एक्स-रे घेतला. चार पांढऱ्या रेघा जिथल्या तिथे होत्या.

कांग तुकिरने खिशातून कापूस काढून टेबलावर उघडला. “मग या कोणाच्या?”

डॉक्टरांनी सुयांकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले. “या शिवणाच्या आहेत, पाक. आणि कशाला गेलात हे काढायला? मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की सुसुकची अडचण नाही. नंतर बू रुबींनी पुन्हा विचारलं, तेव्हाही म्हटलं राहू दे.”

“मी सुसुकचं कधी विचारलं?” यू रुबी म्हणाली.

“भूल दिली होती त्या दिवशी. या खुर्चीवर.”

“मी सुसुरचं विचारलं होतं.”

डॉक्टर तिच्याकडे वळल्या. “सुसुर म्हणजे ते तंबाखूचं?”

“तेच. तुम्ही म्हणालात राहू दे, त्यानं काही होत नाही. मला वाटलं, शिकलेली मुलगी आहे पण जुन्या गोष्टीची किंमत ओळखते.”

“कुठल्या बाजूला ठेवता?”

यू रुबीने वरच्या ओठावर, डावीकडे बोट ठेवले. ठेवल्यावर तिलाच कळले आणि बोट तसेच राहिले.

“पण मी तुम्हाला सिगारेटचं विचारलं होतं, बू.”

“सिगारेट ओढतात. सुसुर कोण ओढतं? सुसुरनं दात घासतात.”

“त्या तंबाखूनं हिरडीतलं रक्त आटतं. रक्त नाही तर हाड वाढणार कुठून? रोज दोनदा, तास तास, बरोबर त्याच जागेवर…” डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. त्यांना संताप आला होता, पण तो कोणावर काढावा हे त्यांना समजत नसावे. एका अक्षराचा फरक, तोही पुढचे दात नसलेल्या, भूल दिलेल्या तोंडातून आलेला.

“विचारायचं तरी कसं मग?” त्या शेवटी म्हणाल्या.

“तंबाखू विचारायचं,” यू रुबी म्हणाली. “नुसतं तंबाखू.”

स्क्रू निघाला. कांग तुकिरने शिवणाच्या सुया कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, आणि मिनीबसमध्ये एवढेच म्हणाला की म्हाताऱ्याचा हात मात्र फार सफाईदार होता.

हिरडीच्या जखमेवर कवळी घालायची नाही, अशी सक्त ताकीद काही आठवडे होती. ती संपेपर्यंत रसुलान आले. पाक हार्सोंनी शब्द पाळला, म्हणजे जागा वात्सीला दिली. पण उत्सवाच्या दुपारच्या खेळात, मधल्या विनोदी प्रवेशात, एखाददुसरे गाणे म्हणायला यू रुबीलाही बोलावले. जखमेला लागू नये म्हणून आतून पोकळ करून घेतलेली कवळी भरपूर चिकट लेपाने बसवून ती गेली. झऱ्याजवळ मांडव होता, सगळे गाव होते. वात्सीने उठून पाया पडून तिला शेजारी जागा दिली.

पहिली ओळ सुरेख गेली. दुसरीत स्वर वर चढला आणि तोच आवाज झाला. या खेपेला कांग तुकिरचा हात हलला नाही, पण झांज वाजवणारा फसला. पाक हार्सोंनी वाद्ये थांबवली. या प्रवेशात त्यांच्या हातात दात पडलेल्या म्हाताऱ्या दासीची बाहुली असते आणि बाहुलीच्या तोंडून सिंडेनला चिडवायची रीतच आहे.

“काय गं बाई,” बाहुली म्हणाली, “तोंडात सुतार ठेवलायस का?”

यू रुबीने पदराआड कवळी काढली आणि शेजारच्या चहाच्या पेल्यात टाकली. “ठेवला होता. मजुरी वाढवून मागतो म्हणून काढून टाकला.”

“आता माझ्यासारखीच दिसतेस.”

“तुझ्यासारखी कशी? तू चामड्याची. तुला कोणी भात वाढत नाही, म्हणून तुला दात लागत नाहीत.”

मांडव खदखदला. पाक हार्सो रंगात आले. पंधरा-वीस वाक्ये अशी गेली, आणि पोरे मांडवाच्या बांबूंवर चढून ऐकायला लागली. मग तिने ती ओळ पुन्हा घेतली, तशीच, दातांवाचून. प्रत्येक ‘स’ शीळ होऊन बाहेर पडत होता. लोक त्यालाही हसले, अगदी प्रेमाने. तिने गाणे पुरे केले. मी तिच्या मागे बसलो होतो. तिचे कान लाल झालेले मला दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाक हार्सो खुशीत घरी आले. “रुबी, काल लोकांनी काय दाद दिली. मी ठरवलंय. गायला वात्सी, आणि मधल्या प्रवेशाला तू. दर खेळाला. बिदागी तीच. दातांची कटकटच नको. उलट दात नाहीत तेच बरं.”

कांग तुकिरचा चेहरा खुलला. मलाही वाटले, सुटली एकदाची. डॉक्टर नको, सुई नको, वाट बघणे नको, आणि तंबाखू सोडायचा प्रश्नच नाही.

यू रुबीने चहा ढवळला. “पाक, काल लोक कशाला हसले?”

“तुझ्या बोलण्याला.”

“बोलण्याला हसले ते मला कळलं. गाण्याला का हसले?”

पाक हार्सो चहाकडे वळले.

“ते दुःखाचं गाणं होतं,” ती म्हणाली. “मला हसवता येतं, ते मी मेल्यावरही लोक सांगतील. पण मला गायचंय. माझी जागा दिलीत ती दिलीत, वात्सी चांगली आहे. ही दुसरी जागा मला नको.”

“अगं, वेडी आहेस. या वयात पुन्हा ते हाडात खिळे…”

“माझ्या हाडाचं मी बघेन.”

ते गेल्यावर कांग तुकिर तिच्यावर ओरडला. माणूस आपण होऊन दारात येतो आणि ही त्याला परत पाठवते, असे बरेच काही बोलला. ती ऐकत राहिली. मग आत जाऊन तंबाखूचा डबा आणला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. “हा घेऊन शेजारणीला देऊन या. मी नेला तर वाटेत उघडीन.”

त्यानंतरचे महिने आम्हा सर्वांना जड गेले. ती भांडी आपटायची, कोणी ‘सुसुर’ म्हटले तर उठून जायची, वात्सीला शिकवताना एकाच ओळीवर तिला रडवायची. एकदा मला म्हणाली, “दिक, हाताला काम नाही तसं हे ओठाला काम नाही.” दिक म्हणजे धाकटा भाऊ. मी म्हणालो, मिठाच्या चुळा भर. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा सल्ला दिला नाही.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी डाव्या बाजूला नवा स्क्रू बसवला. भूल द्यायच्या आधी त्यांनी तंबाखू, सुपारी, चुना, तपकीर, एकेक नाव घेऊन विचारले. यू रुबीने प्रत्येकाला नाही म्हटले.

“या वेळी धरेल ना?” तिने विचारले.

“उजव्यानं धरलंय, म्हणजे तुमचं हाड चांगलं आहे. पण खात्री नाही देता येत, बू. एकदा सैल झालेल्या जागी पुन्हा लावतोय.”

“खात्री मागितली नाही. लावा.”

परत येताना मिनीबस थांब्यावर पाक हार्सो भेटले. तिचा सुजलेला गाल पाहून त्यांनी विचारले, “काय, कधी येतेस मग?”

तिला नीट बोलता येत नव्हते. तिने हाताची पाच बोटे दाखवली, मग आणखी एक.

“सहा महिने? तोवर वात्सी पक्की तयार होईल गं.”

यू रुबीने तोंडातला कापूस काढून हातात धरला, म्हणजे एकही अक्षर चुकू नये. “होऊ दे,” ती म्हणाली. “कच्च्या मुलीची जागा घ्यायला मला लाज वाटेल.”

पाक हार्सोंना हसू आले, तिला आले नाही. तिने कापूस परत आत ठेवला, आणि मला व कांग तुकिरला मागे टाकून घराकडे चालू लागली.